कमाई शून्य, भरपाई किती? जखमी मुलांच्या अपघात दाव्यांची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातल्या एका मुलाचा भरपाईचा दावा निकाली काढला. २०१२ साली अपघात झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. अपंगत्व ९० टक्के धरले गेले. मोटार अपघात दावा प्राधिकरणाने त्याला सुमारे ३ लाख ९० हजार रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ८ लाख ६५ हजार केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम ३५ लाख ९० हजारांवर नेली. मूल तेच, दुखापत तीच, कागदपत्रेही बहुतांशी तीच. तरी आकडा नऊपट वाढला, आणि त्यात मोठा वाटा एका प्रश्नाच्या उत्तराचा होता: जे मूल अजून एक रुपयाही कमावत नाही, त्याचे उत्पन्न किती धरायचे?

या प्रश्नाला कायद्याने दीर्घकाळ बगल दिली. १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा नावाप्रमाणे मृत्यूपुरताच होता. जखमी मुलाच्या वतीने दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरायची आणि चालकाचा निष्काळजीपणा शाबित करायचा, एवढाच मार्ग होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातला त्रयस्थ पक्षाचा विमा १९४६ पासून सक्तीचा झाला, १९५६ च्या दुरुस्तीने वेगळी प्राधिकरणे आली. १९८२ मध्ये चूक कोणाची हे न पाहता द्यायची रक्कम कायद्यात शिरली: कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये. वयाचा विचार यांपैकी कुठेच वेगळा झाला नव्हता.

मुलांच्या दाव्यांचा खरा इतिहास सुरू होतो तो १९९४ च्या दुसऱ्या अनुसूचीपासून. १९८८ च्या कायद्याला जोडलेला हा तक्ता वकिलांच्या टेबलावर अनेक वर्षे उघडाच असायचा. कमाई नसलेल्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये धरायचे. पंधरा वर्षांपर्यंतच्या वयाला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १५. गंभीर दुखापतीच्या वेदनांसाठी ५,००० रुपये, औषधोपचाराचा खर्च जास्तीत जास्त १५,०००. तक्त्यात चुका आहेत, तो जसाच्या तसा वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ मध्ये सांगितले. तरी १५,००० चा आकडा २०१८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात तसाच छापला जात राहिला. चोवीस वर्षांत महागाई कुठून कुठे गेली हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको, दुधाची पिशवी पुरे.

हा तक्ता मुळात चूक सिद्ध न करता मागायच्या भरपाईसाठी होता. त्याच कायद्याच्या कलम १६६ खाली चूक सिद्ध करून केलेल्या दाव्यांत प्राधिकरणाला ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम देण्याची मोकळीक होती. पण हाताशी छापील आकडा असला की मोकळीक कोण वापरतो? मुलाचा दावा आला की पंधरा हजार गुणिले पंधरा, मग अपंगत्वाची टक्केवारी, असा हिशेब या दाव्यांतही रूढ झाला.

याला धक्के बसले ते मृत्यूच्या प्रकरणांतून. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत गेलेल्या मुलांच्या पालकांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये वाढवली. १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, त्या प्रकरणात २००९ मध्ये भावी प्रगतीपोटी प्रत्येकी ७५ हजारांची भर पडली. २०१३ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूच्या दाव्यात गृहीत उत्पन्न ३०,००० धरले गेले. या निकालांचा जखमी मुलांना फायदा झाला, पण अडचणही झाली. मृत्यूच्या दाव्यात आईवडिलांचे नुकसान मोजतात. जखमी मुलाच्या दाव्यात दावेदार स्वतः मूलच असते, ‘अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) वडील’ असे शीर्षकात लिहिलेले. ते जगणार आहे, वाढणार आहे, आणि खर्चही त्याच्याबरोबर वाढणार आहे. एकासाठी बनवलेले माप दुसऱ्याला लावले जात होते.

आता २०१३ च्याच दुसऱ्या एका निकालाकडे येऊ, ज्यावर आजही प्राधिकरणांत वाद होतात. कर्नाटकातला बारा वर्षांचा मुलगा, संपूर्ण शरीराच्या तुलनेत १८ टक्के अपंगत्व. जुन्या हिशेबाने पंधरा हजार गुणिले पंधरा, त्याचे १८ टक्के, म्हणजे फक्त साडेचाळीस हजार रुपये. सर्वोच्च न्यायालयाला हे अन्यायकारक वाटले. कमाई नसलेल्या मुलाचे नुकसान कमाईच्या भाषेत मोजणेच चुकीचे, त्याच्या वेदना, हिरावलेले खेळणे-बागडणे, पुढच्या आयुष्यातला कमीपणा यांची एकत्र रक्कम ठरवावी, असा विचार मांडून न्यायालयाने टप्पे आखले. दहा टक्क्यांपर्यंत अपंगत्व असेल तर १ लाख. दहाच्या वर तीसपर्यंत ३ लाख. साठपर्यंत ४ लाख, नव्वदपर्यंत ५ लाख, त्यावर ६ लाख. उपचार, मदतनीस वगैरेंचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. आणि अपवादात्मक परिस्थिती असेल तर वेगळे माप लावण्याची मुभा.

त्या मुलापुरता हा निकाल उदारच होता. साडेचाळीस हजारांच्या जागी या एका शीर्षाखाली, म्हणजे भरपाईच्या या एका बाबीपोटी, ३ लाख, आणि सगळे धरून पावणेचार लाख. घोटाळा पुढे झाला. टप्प्यांच्या कडा पाहा: दहा टक्क्यांना एक लाख आणि अकरा टक्क्यांना तीन लाख. म्हणजे एका टक्क्याची किंमत दोन लाख रुपये. साहजिकच सगळी लढाई अपंगत्वाच्या दाखल्यावर येऊन ठेपली. सिव्हिल सर्जनने किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने पायाचे अपंगत्व ३० टक्के लिहिले, तर संपूर्ण शरीराचे किती? उलटतपासणीत तेच बारावरून दहावर आणता आले तर विमा कंपनीचे दोन लाख वाचतात. उलट अकरा टक्के आणि तीस टक्के यांना रक्कम सारखीच. किंचित लंगडणारे मूल आणि कुबडीशिवाय न चालणारे मूल एकाच रांगेत.

वरचे टोक त्याहून वाईट. अंथरुणाला कायमचे खिळलेल्या मुलालाही अपंगत्वाच्या शीर्षाखाली ६ लाख. त्या निकालानंतर जेमतेम सव्वा वर्षाने, डिसेंबर २०१४ मध्ये, हरियाणात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात आणि एक पाय गमावलेल्या लहान मुलाला ६० लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानेच कायम केली. ते प्रकरण वीज वितरण कंपनीविरुद्धच्या रिट याचिकेतले, मोटार अपघाताचे नव्हे, हे खरे. पण मुलाचे आयुष्य ट्रकखाली मोडले की तारेला चिकटून, यावर दहापटीचा फरक पडावा याचे समर्थन कुठल्याही निकालपत्रात सापडत नाही. ‘अपवादात्मक परिस्थिती’ हे शब्द निकालात होते, वापरात ते फारसे उरले नाहीत. जे आकडे किमान आधार म्हणून सुचवले होते, तेच व्यवहारात छत बनले. त्यांना महागाईची जोडही नव्हती.

विमा कंपन्यांची बाजू अशी की ठरीव आकड्यांमुळे अंदाज बांधता येतो, लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि मूल पुढे कलेक्टर होणार की मजूर यावर निष्फळ वाद होत नाही. तडजोड लवकर होते हे मान्य करायला हरकत नाही. कमी पैशांतली तडजोडही लवकरच होते.

चाक उलटे फिरले २०२० मध्ये. २००७ साली बारा वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकच्या धडकेत मेंदूला मार लागून कायमची परावलंबी झाली. प्राधिकरणाने ११ लाखांच्या आसपास दिले होते, उच्च न्यायालयाने पंचवीस लाखांहून थोडे अधिक. सर्वोच्च न्यायालयाने गृहीत आकडे आणि टप्पे दोन्ही बाजूला ठेवले. कुशल कामगाराचे त्या वेळचे किमान वेतन, महिना ४,८४६ रुपये, तिचे उत्पन्न धरले. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले, गुणक १८ लावला, आणि फक्त कमाईच्या नुकसानीचे १४ लाख ६६ हजार झाले. एकूण रक्कम ६२ लाख २७ हजारांवर गेली.

पण त्या निकालातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग कमाईचा नाहीच. तिच्या देखभालीला दोन माणसे लागतील, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, आणि यालाही गुणक लागेल, असे न्यायालयाने म्हटले. त्याचे २१ लाख ६० हजार झाले, म्हणजे कमाईच्या शीर्षापेक्षा जास्त. तोवर मदतनिसाचा खर्च म्हणजे रुग्णालयात काढलेल्या दिवसांचा, पाच-दहा हजारांत मिटणारा. घरी आल्यावर अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे हे आईचे काम, आणि आईच्या कामाला पावती नसते म्हणून किंमतही नाही. विवाहाच्या संधी गमावल्याबद्दल तिला ३ लाख वेगळे मिळाले.

त्यानंतर वाट रुळत गेली. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या, अपघाताच्या वेळी पाच वर्षांच्या असलेल्या मुलाला जवळजवळ ५० लाख. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीतल्या, २००९ साली सात वर्षांच्या असलेल्या मुलीला सुमारे ५१ लाख. प्राधिकरणाने तिला सहा लाखांच्या आतच दिले होते. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने हे सूत्र स्पष्ट शब्दांत बांधले: मुलाचे उत्पन्न म्हणजे त्या राज्यातले, त्या काळातले कुशल कामगाराचे किमान वेतन. दावेदाराकडे वेतनदराचा तक्ता नसेल तर तो विमा कंपनीने प्राधिकरणापुढे ठेवायचा. महाराष्ट्रात यातही एक मेख आहे. इथले किमान वेतन उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार बदलते, तेव्हा कोणत्या उद्योगाचा आणि कोणत्या परिमंडळाचा कुशल कामगार धरायचा, हा युक्तिवादाचा विषय उरतोच.

गुणकाची गाठही पुरती सुटलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालातल्या गुणकांच्या प्रसिद्ध तक्त्यात पंधरा ते वीस वयोगटाला १८ आहे. २०१३ मधल्याच तीन न्यायमूर्तींच्या आणखी एका निकालाने पंधरा वर्षांपर्यंतच्या मृत मुलांसाठी १५ ठरवला. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्यापेक्षा कमी, जरी आयुष्य जास्त उरलेले असले तरी. जखमी मुलांच्या अलीकडच्या निकालांत १८ वापरला जातो. खालच्या प्राधिकरणांत मात्र दोन्ही आकडे चालतात आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा निकाल पुढे करते.

वैद्यकीय बाजूचा इतिहास निकालपत्रांत क्वचितच दिसतो. वाढत्या वयातल्या हाडाच्या टोकाला, जिथून ते वाढते तिथे, मार लागला तर दोन्ही पायांच्या लांबीतला फरक काही वर्षांनी उघड होतो. कृत्रिम पाय बसवला तर मूल वाढेल तसा तो बदलावा लागतो. दाखला मात्र एकदाच निघतो आणि निवाडाही एकदाच होतो, त्यामुळे पुढच्या शस्त्रक्रियांचा अंदाज डॉक्टरच्या साक्षीत आला नाही तर तो खर्च घरच्यांच्या माथी पडतो.

मिळालेले पैसेही लगेच हातात येत नाहीत. १९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान मुलांची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवण्याचे मार्गदर्शन केले. मधेच काढायची तर अर्ज, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, प्राधिकरणाचा आदेश. पैसे दलालांच्या किंवा नातेवाइकांच्या हाती जाऊ नयेत ही भीती निराधार नव्हती. पण चौदाव्या वर्षी करायची शस्त्रक्रिया अठराव्या वर्षाच्या एफडीची वाट पाहत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, दोन नव्या अडचणी आणल्या. चूक न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये देण्याची तरतूद आली, पण ती रक्कम स्वीकारली की प्राधिकरणातला मोठा दावा संपतो. रुग्णालयाचे बिल समोर असताना अडीच लाखांवर सही करणाऱ्या बापाला हे कोण समजावून सांगणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. जुन्या कायद्यातली सहा महिन्यांची मुदत १९९४ मध्ये जाणीवपूर्वक काढून टाकली होती. ती परत आली, आणि तीही विलंब माफ करण्याच्या तरतुदीशिवाय. मेंदूला मार लागलेल्या मुलाचे अपंगत्व किती, हे अनेकदा सहा महिन्यांत डॉक्टरही सांगत नाहीत. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की याचिकांचा निकाल लागेपर्यंत कोणतेही प्राधिकरण किंवा उच्च न्यायालय केवळ मुदतबाह्य म्हणून असे दावे फेटाळणार नाही. २०२२ नंतरच्या अपघातांत जखमी झालेल्या आणि उशिरा दाखल झालेल्या मुलांचे दावे त्या आदेशाच्या आधाराने उभे आहेत.