मोहरीच्या उशीने डोकं गोल होत नाही

इंदूरच्या मराठी घरांत बारशाला मोहरीची उशी हमखास येते. शेजारच्या काकू तिला ‘राई का तकिया’ म्हणतात. तिच्यामुळे डोकं गोल होतं, हा समज खोटा. कवटी मऊ, आणि बाळ तासन्‌तास एकाच बाजूवर टेकलेलं, म्हणून तिथे चपटं होतं. मोहरी सरकली तरी भार तिथलाच. वर वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीही उशी म्हणजे गुदमरण्याचा धोका. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात.

चपटेपणाला भिऊन पालथं झोपवू नका. झोप पाठीवरच. उपाय जागेपणीचा: दिवसातून 2-3 वेळा, 3-5 मिनिटं पोटावर, नजरेसमोर, मग वेळ वाढवत न्या. पाळण्यात आज डोकं ज्या टोकाला, उद्या तिथे पाय. बाळ खिडकीच्या उजेडाकडे मान वळवतं, त्यामुळे दुसरी बाजू आपोआप टेकते. मालिश करताना डोकं दाबून ‘आकार देणं’ तर बंदच करा.

बाळ बसू लागलं की बहुतेकदा चपटेपणा कमी होत जातो. मान एकाच बाजूला वळत असेल, किंवा कवटीवर कडक कंगोरा हाताला लागत असेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.