समोरासमोरच्या टोमण्याची कोल्हापुरी पार्श्वभूमी

कोल्हापूर लोकसभा मतदारसंघातल्या तीन निवडणुका लोकांना आकड्यांपेक्षा वाक्यांनी जास्त आठवतात. २००९ साली पक्षानं तिकीट नाकारलेला, पंचाहत्तरीच्या घरातला एक खासदार अपक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या वयावरून ‘म्हातारा बैल’ हा शेरा आला. शेरा मारणारा नेता राज्यातला सर्वांत मुरब्बी राजकारणी मानला जात होता. पण ज्या जिल्ह्यात बेंदराला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवतात, तिथं म्हाताऱ्या बैलाची लाज कुणाला वाटणार? तो शेरा उमेदवारानं स्वतःच गावोगाव मिरवला आणि तो निवडून आला. २०१९ ला त्याच्याच मुलासाठी ‘आमचं ठरलंय’ हे दोन शब्द पुरले. आघाडीतल्या एका नेत्यानं आघाडीच्याच उमेदवाराचं काम करायला दिलेला तो नकार होता. पुढं ते दोन शब्द टी-शर्टवर आले, मोटारींच्या काचांवर आले, कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात विधानसभेला ‘दक्षिण उरलंय’ आणि २०२१ ला दूध संघाच्या निवडणुकीत ‘गोकुळ उरलंय’ अशी त्यांना शेपटं फुटली. २०२४ ला तोच मुलगा राजघराण्याच्या विरोधात उभा होता. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही त्या वेळची घोषणा, आणि ‘मानही गादीला, मतही गादीला’ हे तिचं उत्तर. निकाल उत्तराच्या बाजूनं लागला.

घोषणा रचणारे आता पगारी असतात. तरी कुठलं वाक्य राहणार आणि कुठलं विरणार, हे इथले ऐकणारे ठरवतात. २०२३ च्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत ‘कंडका पाडायचा’, म्हणजे एकदाचा निकाल लावायचा, ही घोषणा इतकी चालली की ती शेंबड्या पोरांच्या तोंडी झाली, आणि घोषणा देणारी बाजू मात्र हरली. २०२४ च्या प्रचारात गादीच्या दत्तक वारशावरून केलेलं एक विधान तर सरळ अंगाशी आलं. त्यात बोच होती, पण गंमत नव्हती. हा फरक ओळखणारा कान इथं कसा तयार झाला, त्याचा हा मागोवा.

जुन्या काळात फार खोल जाण्याचं कारण नाही. तुकोबांची ‘नाठाळाचि काठी देऊं माथां’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. तिच्या आधीच्या ओळीतली लंगोटी शाळेत ‘कासेची’ असते, गाथेच्या पाठात मात्र त्या जागी अवयवाचं सरळ नाव घेणारा शब्द आहे. म्हणजे अवतरणाला सोवळं नेसवण्याचा उद्योग नवा नाही. पेशवाईत आणि नंतर कलगी-तुऱ्याचे फड रंगले. एका बाजूला शक्तीचा पक्ष, दुसऱ्या बाजूला शिवाचा, आणि मध्ये रात्रभर सवाल-जवाब. वाद अध्यात्माचा असे, पण प्रतिपक्षाच्या शाहिराचं ज्ञान, आवाज, गुरू आणि खानदान यांची उजळणी त्यात होऊन जाई. अशी कोडी घालणारी भेदिक शाहिरी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या जत्रांत अजून टिकून आहे. ती ऐकायला बसलेली म्हातारी माणसं कोड्याचं उत्तर आलं की मान हलवतात आणि खोच आली की मांडीवर थाप मारतात.

बायकांचा वाटा या इतिहासात नेहमी वगळला जातो, आणि तो वगळणं चुकीचं आहे. लग्नात रुखवताच्या वेळी विहिणीला गाण्यातून जे ऐकवलं जाई, त्याच्यापुढं सभेतले वक्ते फिके पडतील. मुलाच्या आईचा मानपान, तिचं लुगडं, तिची जेवणातली हाव, सगळं तालात आणि यमकात. रागवायची सोय नव्हती, कारण पंगतीत बसलेल्या दोन्हीकडच्या बायका हसत असत आणि विहिणीला उत्तर गाण्यातच द्यावं लागे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. ‘बोरीचा बार’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. वर्षातला एक दिवस, ठरलेली जागा, समोर तोलामोलाचा प्रतिपक्ष आणि बघायला लोटलेली माणसं. टोमण्याच्या खेळाला लागतं ते सगळं त्या ओढ्यावर आहे.

कोल्हापुरात या खेळाला राजकीय धार आली ती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात आणि लगेच पुढं. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. गण राहिला, सोंगाड्या राहिला, पण गवळणीच्या जागी भटजी-सावकारांची फिरकी आली. गावच्या चावडीसमोर, ज्याच्यावर बोलायचं तो माणूस शंभर पावलांवरच्या वाड्यात असताना, त्याची नक्कल करायची. दगड पडत, मारामाऱ्या होत, पण पुढच्या गावात दुप्पट गर्दी असे. याच काळात लोकमान्यांच्या अथणीच्या भाषणातलं तेली-तांबोळ्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचं, हे वाक्य ब्राह्मणेतर चळवळीनं उचललं. नेमके शब्द कोणते होते, यावर अजून भांडणं होतात. गंमत म्हणजे ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ ही उपाधी आधी लोकमान्यांनाच हिणवण्यासाठी दिली गेली होती आणि त्यांच्या अनुयायांनी ती भूषण म्हणून मिरवली होती. एकच शब्द एकदा शिवी, एकदा पदवी आणि तिसऱ्यांदा आरोप झाला. हिणवणारा शब्द उचलून छातीवर लावायची २००९ ची युक्ती त्यामुळं नवी म्हणता येत नाही.

आता येतो तो निर्णय, ज्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आणि ज्यानं माझ्या मते सर्वांत जास्त उलथापालथ केली. स्वातंत्र्यानंतर लगेच, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी गाऱ्हाणी मांडली, समिती नेमली गेली आणि बंदी उठली. उठताना ती एक अट मागं ठेवून गेली, ती म्हणजे संहिता आधी लिहून द्यायची, तपासून घ्यायची आणि मंजूर झालेलंच फडावर बोलायचं. नाटकांवर १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याची टांगती तलवार आधीपासून होतीच, पण तो कायदा आक्षेपार्ह प्रयोग बंद पाडण्यासाठी होता. इथं प्रत्येक शब्दाची आगाऊ हजेरी मागितली गेली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि मुंबईचे नियम इथल्या फडांनाही लागू झाले.

अटीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. बतावणीतले, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागातले, द्व्यर्थी विनोद बहुतेक वेळा नाचणाऱ्या बाईवर येऊन थांबत. दौलतजादा करणारा, म्हणजे नाचणारीवर पैसे उधळणारा सावकार आणि सोंगाड्या दोघं मिळून तिच्या अंगाची चर्चा करत आणि ती हसण्याचं नाटक करत उभी असे. त्या बायकांनी नंतर सांगितलेल्या हकिगती वाचल्या की ‘लोककलेचं स्वातंत्र्य’ हा शब्द घशात अडकतो. सुधारणावाद्यांना हे थांबवायचं होतं, आणि ते थांबायलाच हवं होतं.

पण अट जिथं बसायला हवी होती तिथं बसली नाही. गण लिहिलेला असतो, लावणी लिहिलेली असते, वगाचा सांगाडा ठरलेला असतो. बतावणी मात्र लिहिलेली नसतेच. सोंगाड्या संध्याकाळी गावात उतरतो, हॉटेलात चहा घेतो, कुणाची म्हैस कुणाच्या रानात गेली, सोसायटीच्या चेअरमननं कुणाचं कर्ज अडवलं, हे विचारून घेतो आणि रात्री तेच राजाच्या तोंडी घालतो. पहिल्या रांगेत बसलेल्या पाटलाला कळतं की राजा म्हणजे आपणच, आणि हसल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. हे आठ महिने आधी लिहून मंजुरीला कसं धाडणार? शिवाय सोंगाड्यांपैकी किती जणांना लिहिता येत होतं? फडमालकाला लिहिणारा माणूस शोधावा लागे. तो शहरातला, थोडा शिकलेला असे आणि मंजूर होईल असंच लिहून देई. जातीवरचे, बाईच्या अंगावरचे विनोद हावभावांनी आणि दोन अर्थांच्या शब्दांनी कागदातून निसटले, कारण कागदावर ते निरागस दिसतात. अडकली ती मंत्र्यावरची, फौजदारावरची, सावकारावरची थेट टीका, कारण ती कागदावरही टीकाच दिसते. कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकांवर त्याच सुमाराला आलेली बंदी पाहिली, तर ही निवड निव्वळ अपघाती होती असं मानणं जड जातं.

फडांनी वाट काढलीच. मंजूर संहिता पेटीत ठेवायची आणि फडावर वेगळंच बोलायचं, हा सार्वत्रिक रिवाज झाला. शिकलेल्या वर्गासाठी ‘लोकनाट्य’ नावाचं स्वच्छ रूप आलं आणि त्यातून काही फार ताकदीचे हजरजबाबी नट मिळाले. पण मंजुरीबाहेर बोलणं हा आता गुन्हा होता, आणि तो कुणाला माफ करायचा हे स्थानिक पोलिसाच्या हातात गेलं. ज्याची टिंगल करायची त्याच्याच ओळखीच्या माणसाकडं परवाना, अशी स्थिती झाली. संहिता आधी तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाची पद्धत आजही चालू आहे.

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीनं या पोकळीत जागा घेतली. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या एकाच चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, आणि त्यानंतर तमाशापटांची रीघ लागली. इथल्या स्टुडिओत लिहिले गेलेले सवाल-जवाब गावागावांत पाठ झाले. खलनायकाचे संवाद तर नायकापेक्षा जास्त टिकले. मात्र पडद्यावरचा सोंगाड्या पहिल्या रांगेतल्या पाटलाला ओळखत नव्हता. टोमणा नेटका, घोटीव आणि सगळ्या महाराष्ट्राला सारखाच लागू झाला, आणि त्यातली ती गावची खोच गेली.

गावची खोच उरली ती तालमीच्या कट्ट्यावर, बिंदू चौकातल्या सभेत आणि मैदानांवर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी ‘मराठा’तून आणि व्यासपीठावरून विरोधकांना जी विशेषणं दिली, ती इथं चहाच्या गाड्यांवर पुन्हा पुन्हा सांगितली जात. खासबागेच्या कुस्ती मैदानात निवेदक हलगीच्या ठेक्यावर हरलेल्या मल्लाचीही इज्जत राखून बोलतो, आणि मागच्या पायऱ्यांवरचं पब्लिक ती राखत नाही. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ सारखी वाक्यं याच हवेत वाढली. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की नव्वद मिनिटं दोन बाजूंचे समर्थक एकमेकांचा उद्धार करतात. त्यात गोलकीपरच्या लग्नापासून चार वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या पेनल्टीपर्यंत सगळं येतं. हे ऐकायला जाणारे, खेळात फारसं लक्ष नसलेले प्रेक्षक मला माहीत आहेत आणि त्यांचं जाणं मला अजिबात वाया गेलेलं वाटत नाही. पुण्याच्या पाटीची कीर्ती मोठी आहे, पण पाटी लिहिणारा दाराआड असतो. इथं बोलणारा समोर उभा असतो आणि उत्तर ऐकल्याशिवाय त्याला जाता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाईलनं दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे मालकी. अत्र्यांच्या नावावर फिरणाऱ्या किश्शांत ‘सभागृहातले अर्धे लोक मूर्ख आहेत’ हे वाक्य मागं घेऊन ‘अर्धे लोक मूर्ख नाहीत’ म्हणण्याचा किस्सा फार लाडका आहे. तोच किस्सा ब्रिटिश संसदेतल्या खासदारांच्या नावावरही सांगितला जातो. चांगलं वाक्य मोठ्या नावाकडं घरंगळत जातं, आणि ते पहिल्यांदा बोललेला सोंगाडी किंवा विहीण बिननावाची राहते. अवतरणावर प्रेम करणाऱ्यांनी तरी पुढं पाठवण्याआधी एकदा तपासावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पेठेतला टोमणा आता स्टेटसवर येतो. ज्याला मारला तो समोर नसतो, हसणारे दिसत नाहीत आणि उत्तर द्यायला रात्रभर वेळ मिळतो. त्या वेळात खोच जाते आणि राग साठतो. स्टेडियमवर समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळं सामने थांबवण्याची वेळ आली, त्यातली कित्येक भांडणं मैदानावर येण्याआधी मोबाईलवर पेटलेली होती. त्यावर आता पोलीस आणि संयोजक मिळून जे उपाय काढतात, त्यात फलकांवरचा मजकूर आधी दाखवून मंजूर करून घेण्याची कल्पनाही अधूनमधून पुढं येते.