आर्केड कॅबिनेटमधला खेळ बदलतो तेव्हा

जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं उभं खोकं, दुरुस्त करून त्यात अनेक खेळ बसवायचे म्हटलं, की बरेच जाणकार हळहळतात. मूळ खेळ काढला, आता यंत्रात राहिलं काय, असं त्यांना वाटतं. ती हळहळ खरी आहे. पण कॅबिनेट तेच ठेवून आतला खेळ बदलण्याची रीत घरगुती हौशी लोकांनी सुरू केलेली नाही. ती या धंद्यातूनच आली.

१९८१ सालची गोष्ट पाहा. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकी शाखेने जपानहून ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे ३००० यंत्रं मागवली होती. ती समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत लोकांची आवड बदलली आणि जवळपास २००० यंत्रं गोदामात पडून राहिली. शाखा बुडायची वेळ आली. तेव्हा याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ रचण्याचं काम शिगेरू मियामोतो या तरुणाकडे आलं आणि त्यातून ‘डाँकी काँग’ जन्मला. जपानहून सुटे भाग आले आणि सिअ‍ॅटलजवळच्या गोदामात मोजक्या माणसांनी एकेक यंत्र उघडून हाताने बदललं. म्हणजे संग्राहक आज जिवापाड जपतात ती ‘डाँकी काँग’ची सुरुवातीची लाल कॅबिनेटं मुळात दुसऱ्याच खेळाची होती!

पार्लरवाल्यांचं गणितही असंच होतं. खेळ काही महिन्यांत जुना व्हायचा, पण लाकडी खोकं, मॉनिटर आणि नाण्याची पेटी वर्षानुवर्षं टिकायची. अडचण वायरिंगची होती, कारण ते प्रत्येक कंपनीचं निराळं. १९८५मध्ये जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने ५६ पिनांची एकच जोडणी ठरवली. वीज, चित्र, आवाज, नाणं, जॉयस्टिक, सगळं तिच्यातून जाऊ लागलं. जुना बोर्ड (खेळ ज्यावर असतो ते सर्किट) ओढून काढायचा, नवा खोचायचा, की खेळ बदलला. १९९०मध्ये एसएनके कंपनीच्या ‘निओ जिओ’ने त्याही पुढे जाऊन एकाच कॅबिनेटमध्ये सहापर्यंत कार्ट्रिज (खेळाच्या डब्या) बसवण्याची सोय केली. आपल्याकडच्या पार्लरमध्ये पोरं ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायची, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ही असा बोर्ड बदलूनच बसवता यायचा.

खरा धक्का बसला तो १९९७मध्ये. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ हे जुन्या बोर्डांची संगणकावर हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर आणलं. जुन्या बोर्डांचं काम कसं चालायचं याची नोंद राहावी, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे एक साधा संगणक शेकडो आणि पुढे हजारो खेळ चालवू लागला. उत्साहाच्या भरात कितीतरी चांगल्या कॅबिनेटांच्या वायरी कापल्या गेल्या, पिक्चर ट्यूब भंगारात गेल्या. त्या ट्यूब आता कोणी बनवत नाही, म्हणून हे नुकसान मला सर्वांत जास्त लागतं.

शिवाय एका कॅबिनेटमध्ये सगळं मावत नाहीच. ‘पॅक-मॅन’चा पडदा उभा, ‘स्ट्रीट फायटर २’चा आडवा. ‘पॅक-मॅन’ची जॉयस्टिक चारच दिशांची, तिथे आठ दिशांची लावली तर ती तिरकी सरकते आणि ऐन वळणावर घात होतो. ‘स्ट्रीट फायटर २’ला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणं लागतात. ‘जामा’च्या मूळ जोडणीत ती तीनच, म्हणून उरलेल्यांसाठी वेगळ्या वायरी ओढाव्या लागल्या. त्यामुळे आधी पडदा उभा की आडवा ते बघावं आणि त्याच जातीचे खेळ निवडावेत.

बदल करावा, जरूर करावा, पण तो परत फिरवता यायला हवा. बटणांच्या मूळ पाटीला ड्रिल लावू नये. त्याच मापाची दुसरी पाटी बनवून घ्यावी. नवी जोडणी जुन्या कनेक्टरवरूनच द्यावी, वायर कापू नये. आणि काढलेली पाटी व मूळ बोर्ड कापडात गुंडाळून त्याच कॅबिनेटच्या तळाशी ठेवावेत, म्हणजे उद्या ते ज्याच्या हाती जाईल त्याला सगळं एकत्र सापडेल.