फ्लॅश गॉर्डन (१९८० चा सिनेमा)

फ्लॅश गॉर्डन हा डिसेंबर १९८० मध्ये आलेला इंग्रजी सायन्स फिक्शन सिनेमा. दिग्दर्शक माइक हॉजेस, निर्माता इटलीचा दिनो दे लॉरेंतीस आणि म्युझिक क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं. यातलं सायन्स नावापुरतंच आहे, म्हणजे रॉकेट आहेत, किरण आहेत, लाल-जांभळं आकाश आहे, पण हे सगळं कसं चालतं असला प्रश्न सिनेमातल्या कुणालाच पडत नाही आणि दहा मिनिटांनी बघणाऱ्यालाही पडत नाही. अमेरिकेत तेव्हा साधारण २.७ कोटी डॉलरचा गल्ला जमला, जो एवढ्या खर्चिक सिनेमासाठी काहीच नव्हता. ब्रिटनमध्ये मात्र बरा चालला. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही लोक तो थिएटरात लावून संवाद ओरडत बघतात, त्याचे टीशर्ट घालतात.

मूळ फ्लॅश गॉर्डन म्हणजे अलेक्स रेमंडची १९३४ मध्ये सुरू झालेली वर्तमानपत्रातली चित्रपट्टी. त्यावर १९३६ मध्ये बस्टर क्रॅबला घेऊन भागाभागांची सिरियल निघाली, जी पोरं दर शनिवारी थिएटरात जाऊन बघायची. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या पिढीला वेताळ आणि मँड्रेकच्या जोडीने हा सोनेरी केसांचा हिरोही आठवत असेल. जॉर्ज लुकासला खरं तर हाच सिनेमा करायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचंच काहीतरी लिहिलं आणि १९७७ मध्ये स्टार वॉर्स आला. म्हणजे गंमत बघा, आजोबांवरचा सिनेमा नातवानंतर तीन वर्षांनी आला आणि लोक म्हणाले हा नातवाची नक्कल करतोय.

स्टोरी सांगायला दोन मिनिटं पुरतात. मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग याला कंटाळा आलाय म्हणून तो पृथ्वीवर संकटं पाठवतो. सुरुवातीलाच त्याचा अंगठीवाला हात एका पॅनलवरची बटणं दाबताना दिसतो आणि बटणांवर चक्क इंग्रजीत लेबलं आहेत, भूकंप वगैरे, आणि त्यात एक ‘गरम गारा’ असंही आहे. लाखो मैलांवरच्या हुकूमशहाने गरम गारांसाठी वेगळं बटण करून घेतलंय! इथे जो हसला त्याचा सिनेमा झाला, जो नाही हसला त्याने बंद करावा, पुढे अजून बरंच आहे. मग न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) फ्लॅश, ट्रॅव्हल एजंट डेल आर्डन आणि डोकं फिरलेला शास्त्रज्ञ झारकॉव असे तिघं रॉकेटने मोंगोवर पोचतात, एकमेकांशी भांडणाऱ्या तिथल्या राजांना फ्लॅश एकत्र आणतो आणि मिंगचा निकाल लावतो. हिरोच्या टीशर्टवर हिरोचंच नाव छापलेलं आहे हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला जो शब्द वापरतात तो म्हणजे कॅम्प. मराठीत याला नेमका शब्द नाही, भडक म्हणावं तर त्यात नावं ठेवल्यासारखं होतं आणि नाटकी म्हटलं तर अर्धंच सांगून होतं. मुद्दा असा की एखादी गोष्ट इतकी अतिरंजित, इतकी नटलेली असते की तिच्या त्या अतिरेकाचीच मजा घ्यायची. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅगने १९६४ मध्ये यावर जो निबंध लिहिला त्यात एक फरक केलाय, की एक कॅम्प नकळत होतो, करणारा मनापासून गंभीर असतो, आणि दुसरा जाणूनबुजून केलेला असतो, आणि तिच्या मते पहिलाच अस्सल. आता फ्लॅश गॉर्डन यातला कुठला? माझ्या मते दोन्ही, आणि तो टिकण्याचं कारण तेच.

कारण टीम बघा. पटकथा लॉरेन्झो सेम्पल ज्युनियरची, ज्याने १९६६ ची ती ढिशुम-ढिशुमवाली बॅटमॅन टीव्ही मालिका लिहिली होती, म्हणजे याला पक्कं माहीत होतं की आपण थट्टा करतोय. कपडे आणि सेट दानिलो दोनातीचे, कपड्यांसाठी दोन ऑस्कर मिळवलेला माणूस, त्याने लाल-सोनेरी रंगाचा असा काही धडाका लावलाय की एकेका दरबाऱ्याच्या अंगावर देवीच्या दागिन्यांएवढा ऐवज दिसतो. कॅमेरा गिल्बर्ट टेलरचा, ज्याने स्टार वॉर्सही शूट केला होता. मिंग झालाय माक्स फॉन सिडो, स्वीडनचा दिग्गज नट, दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या सिनेमात मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेला, आणि तो इथे एकदाही डोळा मारत नाही, ‘मला माहितीये हे फालतू आहे’ असा चेहरा करत नाही. झारकॉव म्हणजे टोपोल. प्रिन्स बॅरिन म्हणजे टिमथी डाल्टन, जो पुढे १९८७ मध्ये जेम्स बाँड झाला, तोही असा काम करतो जणू शेक्सपियरच चाललाय. आणि मध्ये उभा सॅम जोन्स, हिरो, ज्याला अभिनय फारसा येत नाही पण विनोद करायचाय असंही कुणी सांगितलेलं नसावं असं वाटतं, इतका तो सरळ आहे. निर्मात्याशी वाजल्यामुळे तो शेवटी डबिंगलाही आला नाही आणि त्याचे बरेचसे संवाद दुसऱ्याच नटाच्या आवाजात आहेत. याच भूमिकेसाठी त्याला रॅझी या, वाईट सिनेमांना थट्टेने देतात त्या पुरस्कारात वाईट अभिनयाचं नॉमिनेशन मिळालं. पण खरं सांगू का, तिथे चांगला नट असता तर सिनेमा पडला असता, कारण चांगल्या नटाने नक्की काहीतरी सूचक हसून दाखवलं असतं.

एक सीन नीट सांगतो. मिंगच्या दरबारात फ्लॅश शिपायांच्या तावडीत सापडलाय, हाणामारी चालू आहे आणि अचानक त्याच्या हातात अंड्याच्या आकाराचा धातूचा गोळा येतो. बस्स, पठ्ठ्या तो गोळा अमेरिकन फुटबॉलसारखा काखेत धरून शिपायांना आडवं पाडत धावत सुटतो. डेल बाजूला उभी राहून चीअरलीडरसारखी ओरडतेय, गो फ्लॅश गो, मागे क्वीनचं सिंथेसायझर आणि गिटार चाललंय, मिंग आणि दरबारी शांतपणे मॅच बघतायत. मग झारकॉवही जोशात येऊन त्याच्याकडे एक गोळा फेकतो, तो नेमका फ्लॅशच्याच डोक्यात बसतो आणि हिरो आडवा. पृथ्वी वाचवायला आलेला माणूस आपल्याच माणसाच्या पासने गार झाला. हा सीन विनोदी म्हणून लिहिलाय, पण सेट, कपडे, गर्दी सगळं पौराणिक सिनेमाच्या थाटात आहे. रामायण-महाभारत सिरियलमध्ये आकाशात बाण बाणाला भिडायचे तेव्हा आपण ट्रिक कळूनही हात जोडून बघायचो ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे हात जोडायच्या ऐवजी टाळ्या.

शेवटचं लग्नही तसंच. मिंग डेलशी जबरदस्तीने लग्न लावतोय आणि आकाशात फलक फिरतोय की सर्वांनी आनंद साजरा करावा, न करणाऱ्यास मृत्युदंड. पुरोहित विचारतो की हिला अवकाशात फेकून देणार नाहीस ना, मिंग त्याच्याकडे नुसतं बघतो, आणि पुरोहित घाईघाईने पुस्ती जोडतो, म्हणजे हिचा कंटाळा येईपर्यंत. लग्नाची धून क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे याच्या इलेक्ट्रिक गिटारवर.

म्युझिकबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनाही ते ‘फ्लॅश, आआ’ माहीत असतं. गाणं ब्रायन मेचं, ब्रिटनच्या चार्टवर १० व्या नंबरपर्यंत गेलं, आणि अल्बममध्ये गाण्यांच्या मधेमधे सिनेमातले संवाद घातलेत त्यामुळे नुसतं ऐकूनही अर्धी स्टोरी कळते. ऑर्केस्ट्राचा भाग हॉवर्ड ब्लेकचा. वर सांगितलेल्या फुटबॉल सीनचं म्युझिक क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं, म्हणजे फारुख बुलसारा, जो झांझिबारच्या पारशी घरातून आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता आणि तिथेच पोरांबरोबर द हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढून पियानो बडवायचा. त्यामुळे या सिनेमाशी महाराष्ट्राचं एक बारीकसं नातं आहे, उगाच ओढूनताणून नाही.

पंखवाल्या लोकांचा राजा वल्टन झालेला ब्रायन ब्लेस्ड हे प्रकरण तर बघण्यापेक्षा ऐकण्याचं. दाढी, पंख, उघड्या मांड्या आणि घसा असा की माइक लागत नाही. त्याचा ‘गॉर्डन्स अलाइव्ह!’ हा एवढासा संवाद जन्मभर त्याच्या मागे लागला, लोक रस्त्यात थांबवून ओरडून दाखवायला लावतात आणि तोही बिचारा लावतो आवाज. एलिझाबेथ राणीचा हा आवडता सिनेमा होता असं तो सांगत असतो, खरंखोटं तो आणि राणीच जाणोत.

सगळंच गोड नाही. मिंग हा मुळात तीसच्या दशकातल्या पाश्चात्त्यांच्या डोक्यातला ‘पिवळा धोका’ आहे, लांब मिशा, तिरक्या भुवया, कपटी पूर्वेकडचा राजा, आणि तो रंगवलाय एका गोऱ्या स्वीडिश माणसाने मेकअप करून. २०२० मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने सिनेमाला १२ए (बारा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांबरोबरच बघावा असं) सर्टिफिकेट देताना भेदभाव करणाऱ्या साचेबद्ध चित्रणाची सूचनाही जोडली. काही फॅन चिडले, पण सूचना चुकीची नव्हती. फॉन सिडोचं काम आवडणं आणि ते पात्र खटकणं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

शेवटी मिंगची अंगठी जमिनीवर पडलेली दिसते, कुणाचा तरी हात ती उचलतो, हसण्याचा आवाज येतो आणि पडद्यावर ‘समाप्त’ च्या पुढे प्रश्नचिन्ह. दुसरा भाग काही आला नाही. सॅम जोन्स मात्र २०१२ च्या टेड या कॉमेडीत स्वतःच्याच भूमिकेत आला आणि नव्या पिढीला कळलं की असा कुणी होता. २०२० मध्ये चाळिशीनिमित्त ४के प्रिंट निघाली, तीत रंग तर झकास आहेतच, पण निळ्या पडद्यासमोर तारांना लटकवलेले ते पंखवाले आता किती लटकवलेले आहेत हेही अगदी स्पष्ट दिसतं.