बांधकाम तपासणी व साहित्यचाचणी (सातारा-सांगली परिसर)

बांधकामाचे साहित्य ठरल्या ताकदीचे आहे का आणि काम मंजूर नकाशा व आरसीसी आराखड्याप्रमाणे चालले आहे का, हे पाहण्याची पद्धत. नगरपालिका वा महापालिकेच्या जोते तपासणीत प्रामुख्याने जोत्याची मापे व सोडलेली सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) पाहिली जातात. स्लॅब भरण्यापूर्वी सळईचा व्यास, रिंगांमधले अंतर आणि कव्हर ब्लॉक (सळईभोवती काँक्रीटचा थर राहावा म्हणून लावलेले ठोकळे) तपासणे हे आरसीसी कन्सल्टंटचे काम. जोत्याचा दाखला मिळाला म्हणजे काँक्रीट पास झाले, हा घरमालकांचा समज म्हणून खरा नव्हे.

काँक्रीटसाठी 15 सेंमी. बाजूचा क्यूब (घनाकार नमुना) भरतात (भारतीय मानक 516, 1959, पुढे सुधारित). ही ब्रिटिश वहिवाट असून अमेरिकेत 15 × 30 सेंमी.चा दंडगोल वापरतात. त्याची ताकद क्यूबच्या सुमारे 0.8 पट धरली जाते. साच्यात थराथराने ठोकून भरलेला क्यूब दुसऱ्या दिवशी काढून पाण्यात ठेवतात आणि 7 व 28 दिवसांनी फोडतात. यंत्रात ठेवताना थापीने सारखी केलेली बाजू कडेला वळवतात. ती वर राहिली तर दाब सारखा बसत नाही. एम 20 (28 दिवसांनी दर चौ. मिमी.ला 20 न्यूटन दाब पेलणारे काँक्रीट) च्या क्यूबने 450 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 46 टन भार पेलावा लागतो. क्यूबपुरता जास्त सिमेंटचा माल कालवण्याची चलाखी सर्वश्रुत आहे. सांगलीचे वालचंद (1947) व कराडचे शासकीय (1960) या अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे या भागात चाचणीचे शिक्षण जुने आहे.

क्यूबची मर्यादा कोयना धरणाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पाटण तालुक्यातील हे 103 मी. उंचीचे धरण रबल काँक्रीटचे (मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचे). 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात (तीव्रता 6.3 ते 6.6 अशी निरनिराळी दिली जाते) त्याच्या सांडवा नसलेल्या भागात दोन्ही अंगांना (जलाशयाकडील व खालच्या प्रवाहाकडील बाजूंना) आडवे तडे गेले. दोष साहित्याचा की आकाराचा? वरच्या भागात कमी ताकदीचे काँक्रीट होते, याकडे बोट दाखवता येते. मात्र तडे मुख्यतः पायापासून सुमारे 66 मी. उंचीवर, खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्याच पट्ट्यात एकवटले होते. पुढील गणिती विश्लेषणांतही तिथेच ताण सर्वाधिक निघाला, त्यामुळे आकाराचे कारण अधिक ग्राह्य वाटते. शिवाय तडे ताणाने जातात आणि क्यूब मोजतो तो दाब. काँक्रीटची ताण सोसण्याची क्षमता दाबाच्या सुमारे एक दशांशच असते. संकल्पनात भूकंपगुणांक (भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या किती पट धरायचा तो आकडा) 0.05 धरला होता, तर धरणावर नोंदलेले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून अधिक होते. नंतर खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम आधार दिले गेले. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या (क्रमांक 1893) 1970 च्या आवृत्तीत या परिसराचे भूकंपक्षेत्रही बदलले.

सांगलीकडे खरा प्रश्न कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा. ती किती फुगते हे पाहण्यासाठी चाळलेली 10-10 ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालून एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही; दिवसभरानंतर मातीच्या दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे फुगवटा. नदीच्या वाळूऐवजी काळा दगड भरडून केलेल्या वाळूत 75 मायक्रॉनखालील भुकटी 15% पर्यंत चालते, नैसर्गिक वाळूत 3% पर्यंतच.

उभ्या इमारतीसाठी रिबाउंड हातोडा (पृष्ठभागावर आपटून किती उसळतो यावरून ताकदीचा अंदाज देणारा) व श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) लहरींची चाचणी वापरतात. लहरींचा वेग सेकंदाला 3.5 किमी.च्या वर असल्यास काँक्रीट चांगले, 3 च्या खाली शंकास्पद. 2005, 2019 व 2021 सारख्या महापुरांनंतर हातोड्याचे आकडे जपून वाचावे लागतात : ओल्या पृष्ठभागावर ते सुमारे 20% पर्यंत कमी येतात, तर कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभाग कठीण होणे) झालेल्या जुन्या काँक्रीटवर फसवे जास्त. शंका उरली तर कोअर (काँक्रीट कापून काढलेला दंडगोल नमुना) काढतात. किमान तीन कोअरची सरासरी अपेक्षित क्यूब-ताकदीच्या 85% आणि एकही 75% खाली नसावा, असा काँक्रीटविषयक भारतीय मानक 456 चा दंडक आहे.