पन्नासच्या आसपास

राज्यभरातल्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या ऐरोली-कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात काय, किंवा अंधेरीतल्या पश्चिम विभागीय केंद्रात काय, भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर शेकडो आकडे असतात. पण ड्युटीवरच्या माणसाची नजर फिरून फिरून एकाच आकड्यावर जाते: फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तने घेतो तो आकडा. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असायला हवी. विजेचे धान्यासारखे कोठार भरून ठेवता येत नाही, या क्षणाला जेवढी खपते तेवढी याच क्षणाला तयार व्हावी लागते. खप वाढला की राज्याराज्यांतली सगळी जनित्रे एकदमच किंचित मंदावतात आणि 50 चे 49.9 होतात. खप घटला की ती पळू लागतात. भारतातल्या ग्रीडचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा, इतिहास म्हणजे हा आकडा ताळ्यावर आणायला लागलेली चाळीसएक वर्षे आहेत, असे माझे मत.

सुरुवातीला हा प्रश्न लहान होता. टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 मध्ये सुरू झाले, मग भिवपुरी (1922), मग भिरा (1927), आणि ही सगळी वीज जायची मुंबईला. एक मालक, एक शहर, फोनवर बोलून काम भागे. 1948 च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळे आली, 1962 मध्ये कोयनेची पहिली जनित्रे फिरू लागली आणि राज्यांच्या वाहिन्या एकमेकींना भिडल्या. 1964 मध्ये देशाचे पाच विभाग पाडून विभागीय वीज मंडळे नेमली गेली. पश्चिमेत महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा. गोव्याची गंमत अशी की त्याच्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती जवळपास नाहीच. ते सारे राज्य शेजारच्यांच्या तारांवर आणि शेजारच्यांच्या शिस्तीवर चालत आले आहे.

ही शिस्तच नव्हती. विभागीय मंडळांच्या बैठका व्हायच्या, ठराव व्हायचे, पण एखाद्या राज्याने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर त्याला थांबवणार कोण? निवडणूक तोंडावर, शेतीपंप चालू, खाली आमदाराचा फोन. मग ओढा. भाव तोच, दंड नाही. परिणाम असा की नव्वदच्या दशकात संध्याकाळी फ्रिक्वेन्सी 49 च्याही खाली घसरायची आणि रात्री खप उतरला की 51 च्या वर जायची, कारण स्वस्त औष्णिक संच मागे घ्यायला कुणी तयार नसे. दिवसभर 48.5 राहिली तर विजेच्या तालावर चालणारे घड्याळ दिवसाला पाऊण तास मागे पडते. टर्बाइनच्या पात्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

म्हणूनच विभाग एकमेकांना जोडताना हात आखडता घेतला गेला. आजारी माणसांना एकाच पांघरुणात कशाला झोपवा! 1989 मध्ये विंध्याचलला पश्चिम आणि उत्तर, पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण, अशी बॅक-टू-बॅक केंद्रे उभी राहिली. एकाच आवारात एसीचे (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करायचे आणि लगेच पुन्हा एसी. वीज पलीकडे जाते, फ्रिक्वेन्सी जात नाही. शेजाऱ्याला कपभर साखर द्यायची, पण त्याचा ताप घरात घ्यायचा नाही.

तोडगा शेवटी पैशातून निघाला, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार चाल वाटते. भानू भूषण हे अभियंते तिचे मुख्य शिल्पकार. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 खाने करायचे. प्रत्येक खान्यात कोण किती वीज घेणार याचे वेळापत्रक आदल्या दिवशी ठरवायचे. वेळापत्रकाबाहेर जे घेतले-दिले जाईल त्याचा भाव त्या घडीच्या फ्रिक्वेन्सीवर ठरवायचा. ती खाली असेल तर जादा वीज ओढणाऱ्याला जबर भुर्दंड, वर असेल तर वीज जवळपास फुकट. म्हणजे टंचाईचा थर्मामीटर हाच बाजाराचा तराजू झाला. कुणी कुणाला फोन करून विनवायचे कारण उरले नाही. पडद्यावरचा आकडा पाहून आपला फायदा कशात आहे ते प्रत्येकाला कळू लागले. ही पद्धत देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात, 1 जुलै 2002 रोजी लागू झाली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला पश्चिमेची ग्रीड कोसळली, हाही दैवाचा विनोद. पण पद्धत टिकली आणि फ्रिक्वेन्सी हळूहळू माणसात आली.

कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राचे मोलही यातून उजळले. कोळशाचा संच तापायला तास लागतात, तर कोयनेचे जनित्र काही मिनिटांत भार घेते. मात्र कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेव्हा प्रेषण केंद्रातला माणूस ते पाणी हात राखून वापरतो. आज उधळले तर मे महिन्यात काय करणार?

मग जोडणीला वेग आला. 2003 मध्ये पूर्व-पश्चिम एक झाले, ऑगस्ट 2006 मध्ये उत्तर. 2003 च्या विद्युत कायद्याने प्रेषण केंद्रांचा आदेश पाळणे बंधनकारक केले. न पाळल्यास विभागीय केंद्राच्या बाबतीत दंड कमाल 15 लाख रुपये. एखाद्या राज्याच्या वीज कंपनीच्या रोजच्या उलाढालीपुढे हा आकडा म्हणजे पानसुपारी.

त्याची किंमत 2012 मध्ये चुकवावी लागली. उत्तरेत पाऊस ओढ देऊन बसलेला आणि शेतीपंप धडधडत असलेले, तर पश्चिमेत मागणी कमी. वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे वाहत होती. मार्गातली बिना-ग्वाल्हेर ही 400 केव्ही वाहिनी एकाच सर्किटवर होती, कारण दुसरे क्षमतावाढीसाठी बंद ठेवलेले. केंद्रांकडून 'ओढ कमी करा'चे निरोप जात होते. 30 जुलैच्या पहाटे 2.33 वाजता ती वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. तिथे बिघाड काहीच नव्हता. प्रवाह इतका वाढला आणि व्होल्टेज इतके पडले की रिलेला, म्हणजे दोष दिसताच वाहिनी तोडणाऱ्या उपकरणाला, ते दूरवरच्या दोषासारखे वाटले आणि त्याने नेमून दिलेले काम केले. उत्तर ग्रीड गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी, तोच प्रकार, आणि या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. सुमारे 48,000 मेगावॅट भार गेला, साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश अंधारात. फ्रिक्वेन्सी पडताच आपोआप फीडर (वस्त्यांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) तोडणारे रिले राज्यांनी बसवले होते, पण त्यांनी जितका भार उतरवायला हवा होता तितका उतरवलाच नाही. पश्चिम विभाग मात्र दोन्ही वेळा उभा राहिला. तिथे उलट संकट होते: निर्यात एकाएकी तुटल्याने वीज जास्त झाली.

यानंतर मुभा आवळत गेली आणि 2014 पासून फ्रिक्वेन्सीचा मान्य पट्टा 49.90 ते 50.05 एवढा अरुंद झाला. त्याआधीच, 31 डिसेंबर 2013 रोजी, रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीने दक्षिणही जोडून घेतली. काश्मीर ते कन्याकुमारी एकच आकडा. पुढे देशाची ग्रीड चालवणारी संस्था पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीपासून वेगळी झाली. 2022 पासून तिचे नाव ग्रिड-इंडिया.

या आकड्याची खरी कसोटी लागली 5 एप्रिल 2020 च्या रात्री. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद. मागणी घटण्याचा अंदाज 12-14 हजार मेगावॅटचा होता, प्रत्यक्षात मागणी 31,089 मेगावॅटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी पंचवीस मिनिटांत 17,500 मेगावॅटहून अधिक भार सोडला आणि दिवे लागताच परत उचलला. फ्रिक्वेन्सी 49.70 आणि 50.26 च्या मध्ये राहिली.

आणि त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबई बंद पडली. ग्रीड ढासळली तर शहर आपोआप वेगळे होऊन ट्रॉम्बेच्या विजेवर चालावे, अशी आयलंडिंगची व्यवस्था 1981 पासून आहे. पण शहराची मागणी वाढत गेली आणि आतली निर्मिती मागे पडली. कळवा-पडघा आणि खारघरकडच्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक गळाल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास बेट करायचा प्रयत्न फसला. लोकल रुळांवरच उभ्या राहिल्या. शहराच्या पोटात 400 केव्ही वीज आणणारी खारघर-विक्रोळी वाहिनी तेव्हा कित्येक वर्षे कागदावर होती. ती 2023 मध्ये चालू झाली.