मोजपट्टी, जलरंग आणि गोदाघाट

गोदाघाटावर बोर्ड मांडून बसलेला नाशिकचा चित्रकार एकाच वेळी दोन घराण्यांचा वारस असतो. पहिलं घराणं मोजणाऱ्यांचं. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या जेम्स बर्जेस यांनी पांडवलेण्यांची नोंद केली ती एकोणिसाव्या शतकात. पुढे त्याच खात्यातल्या हेन्री कझेन्स यांच्या १९३१च्या ग्रंथात सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर आलं. भूमिज शैलीतलं, यादवकाळातलं हे पंचायतन म्हणजे रेखाटणाऱ्याची परीक्षाच. मुख्य शिखरावर वरपर्यंत चढत जाणाऱ्या छोट्या शिखरांच्या ओळी, खाली उंच जोतं, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. सर्वेक्षणाच्या आराखड्यांत प्रमाणं चोख असतात, पण माणूस नसतो.

दुसरं घराणं निसर्गचित्रणाचं. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून जागेवर बसून रंगवण्याची शिस्त महाराष्ट्रभर पसरली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी ती शाळेच्या चित्रकलेच्या तासापर्यंत नेली. नाशिकमध्ये वा. गो. कुलकर्णींच्या कलानिकेतन या कलासंस्थेने आणि निसर्गचित्रकार शिवाजी तुपे यांच्या कामाने तिला घाटाचा पत्ता दिला.

आणि घाटावर विषयांना तोटा नाही. सरदार चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेल्या सुंदरनारायण मंदिराचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. तासाभरात सावल्या सरकतात. हात चालवावा लागतो. पलीकडे नारोशंकराचं देऊळ, १७४७चं. तिथली घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून सगळे रेखाटतात, रंगवायला मात्र तिच्याखालची दगडी कमान अवघड. काळा पाषाण नुसता काळा रंगवला की मेलाच. त्यात निळा, जांभळा आणि पावसाळ्यात शेवाळाचा हिरवा लागतो. पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, ते लोक पुलावरून बघतात आणि चित्रकार पुलावरूनच काढतात.

वाड्यांची गोष्ट वेगळी. जुन्या नाशकात सागवानी खांब, कोरीव तुळया, ओसरी असे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. त्यातल्या अनेकांचा मोजून केलेला आराखडा कुणी काढलेलाच नाही. अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी बसून केलेलं पेनचं स्केच, दारावरच्या गणेशपट्टीसकट, हीच नोंद ठरते. मोजमापाच्या बाबतीत ते कच्चं असेल. पण दाराशी टेकवलेली सायकल आणि ओट्यावर बसलेली आजी त्यात सापडते, आणि माझ्या मते कझेन्सच्या पानात नेमकं तेच राहून गेलं होतं.